सदर इसम

‘इसम’ म्हटलं हवालदारानं, आणि तिथून पुढचं मला काही वेळ ऐकूच आलं नाही. तसा हा शब्द काही नवा नव्हता. वर्तमानपत्रात रोज कोणीतरी इसम विहिरीत पडतो, कोणीतरी इसम जुगार खेळताना सापडतो. पण तो छापलेला असतो तेव्हा डोळे त्याच्यावरून घसरून पुढं जातात. इथं मालधक्क्याच्या कडुनिंबाखाली, चैत्रातल्या सकाळी, फलाटावरच्या बाकावरून उचलून आणलेला एक म्हातारा प्रत्यक्ष उताणा पडला होता आणि हवालदार गुलाबसिंग मोठ्यानं बोलत बोलत त्याच्याविषयी लिहीत होता. मी अकोल्याकडच्या गाडीनं येणारं वर्तमानपत्र घ्यायला स्टेशनावर आलो होतो. पेपर घरपोच मिळतो, पण मला घरात बसवत नाही. सकाळी उठलो की पाय आपोआप स्टेशनाकडं वळतात, कोणाला घ्यायला जायचं असल्यासारखे. गुलाबसिंगानं मला धरलंच. “मास्तर, या इकडं. चायवाला एक पंच झाला, तुमी दुसरे. पळून नका जाऊ, शिकलेला मानूस लागते सहीले.” मग तो पुन्हा कागदाकडं वळला आणि सुरात म्हणू लागला, “अनोळखी इसम, हिंदू असावा, वय अंदाजे साठीच्या वर, अंगात बंडी, धोतर मळकट, पायात काही नाही. सदर इसम पहाटेच्या गाडीतून उतरून बाकावर बसला व बसल्या जागी मयत झाला.” चहावाल्यानं मान डोलावली. मीही डोलावली. पण डोक्यात नागावकर सरांचा खडू फळ्यावर करकरत होता.

नागावकर सर मुंबईला माझे हिब्रूचे शिक्षक होते. वऱ्हाडातला कुणब्याचा पोरगा शिष्यवृत्तीवर मुंबईला जातो आणि तिथं हिब्रू घेतो, यावर वाशीमात लोक अजून हसतात. शाळेत मला मागून ‘यहुदी मास्तर’ म्हणतात, आणि पुढून विचारतात, त्या भाषेत पाणी कसं मागायचं हो? मी का घेतली ते मलाही नीट सांगता येणार नाही. वर्गात आम्ही तिघंच होतो, आणि सर अलिबागकडचे, बेने इस्राएल म्हणजे कोकणातले यहुदी, आमच्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांच्या आजोबांना गावात शनिवार तेली म्हणत, हे ते मोठ्या मजेनं सांगायचे. एकदा त्यांनी फळ्यावर एकाखाली एक शब्द लिहिले. बाबिलोनच्या मातीच्या विटांवरचा शुमु. हिब्रूतला शेम. अरामी श्मा. हबशांच्या जुन्या पोथ्यांतला सेम. आणि अरबी इस्म. सगळ्यांचा अर्थ एकच : नाव. “हजारो वर्षं हा शब्द तोंडातोंडांतून चालत आला,” सर म्हणाले, “आणि फारसी कारकुनाच्या दौतीतून तुमच्या मामलेदार कचेरीत उतरला. शालिग्राम, तुमचा तो इसम मूळचा माणूस नव्हे. तो नाव आहे. कागदावर नावांची यादी करता करता लोक नावालाच माणूस समजू लागले. तुमची ती बडी असामी, तीसुद्धा त्याच घरातली.” आम्ही हसलो. मग सरांनी खडू खाली ठेवला आणि आवाज उतरवून सांगितलं, की त्या बाबिलोनच्या लोकांत वारसाला ‘नाव घेणारा’ म्हणत. मेलेल्याला पाणी घालायचं आणि त्याला नावानं हाक मारायची, हे वारसाचं काम. ज्याला हाक मारणारा कोणी उरत नाही तो मेल्यावर भटकत राहतो. शाप द्यायचा तर ते म्हणत, तुझं नाव घेणारा कोणी न राहो. बाकीचे दोघं भराभर लिहून घेत होते. मी लिहिलं नाही. मी खिडकीबाहेर समुद्राकडं पाहत बसलो, कारण आमच्या घरात नाव घ्यायचंच नव्हतं.

म्हणजे वडिलांचं नाव. माझी माय गोजराबाई, तिनं ते कधी घेतलं नाही. कोणतीच बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, त्यात नवल नाही. पण बाकीच्या बाया हळदीकुंकवाला, लग्नात, लाजतमुरकत उखाण्यात तरी घेतात. माय उखाण्याची वेळ आली की पाण्याचं निमित्त करून उठायची. वडिलांचं नाव दौलतराव, म्हणून ती दौलत हा शब्दसुद्धा तोंडात येऊ देत नसे, पैसाअडका म्हणायची. आमचं मूळ गाव इथून जवळचं रिठद; तिथल्या शाळेत माझं नाव घालायला गेलो तेव्हा गुरुजींनी विचारलं, बापाचं नाव? माय पदर तोंडाशी धरून उभी. शेवटी शेजारच्या तुळसाबाईला हाक मारून आणलं आणि तिच्या तोंडून ते वदवलं. परतताना मी विचारलं, “माय, तू काहून नाही घेत त्यायचं नाव?” ती चालता चालता म्हणाली, “बाईनं नाव घेतलं का मानसाचं आयुष्य कमी होते.” तेव्हा ते घर सोडून गेलेले होते. कामरगावच्या बाजाराला बैल पाहायला म्हणून गेले आणि आले नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. कोणी म्हणे बैराग्यांच्या मेळ्यात पाहिले, कोणी म्हणे बऱ्हाणपूरच्या गिरणीत आहेत. आणि मी लहानपणी रात्रंदिवस माझ्या आईच्या मिटलेल्या तोंडाकडं पाहत राहिलो. कुठंतरी दूर एक माणूस तिच्या न बोलण्यावर जगत होता असं मला वाटायचं. ती शिंकली तरी मला धडकी भरे, चुकून निघून जाईल तोंडातून.

बारा वर्षं झाली तेव्हा भावकी जमली. असा बेपत्ता माणूस मेला असं धरतात. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि बाईनं कुंकू पुसायचं, अशी रीत. काका पानं तोडूनसुद्धा घेऊन आले होते. मायनं ती पानं उचलली, म्हशीपुढं टाकली आणि काकांना म्हणाली, “जेवून जा.” तेव्हापासून ना ती विधवा, ना मला बाप. पितृपक्षात सगळ्या घरांवर कावळे उतरत, आमच्या घरावर नाही. पुढं माझ्या लग्नाच्या गोष्टी निघाल्या, तर मुलीकडचे विचारायचे, वडील आहेत की गेले? पत्रिकेत त्यांच्या नावामागं श्री. छापायचं की कै., यावर दोन स्थळं मोडली आणि तिसरं आलंच नाही. लोक याला विनोद समजतात. मीही सांगताना हसून सांगतो. पण खरं सांगायचं तर मला ते मेलेले चालले असते, जिवंत चालले असते. हे असं अधांतरी लटकणं मला सहन होत नव्हतं. ज्याचं नाव मी रोज सहीत मधोमध लिहितो, शालिग्राम दौलतराव, त्याला एकदा हाक मारायची मला परवानगी नव्हती.

“मास्तर, ध्यान कुटं हाये?” गुलाबसिंग म्हणाला. “खिशात तिकीट सापडलं. पूर्णा ते खंडवा. आता सांगा, खंडव्याचं तिकीट असलेला मानूस वाशीमले कायले उतरते?” चहावाला म्हणाला, पाणी प्यायला उतरला असेल. गुलाबसिंग म्हणाला, मग बाकावर कशाला बसला? गाडी निघाली तरी हलला नाही म्हणतात. मी खाली वाकलो. का वाकलो? माशा बसत होत्या म्हणून. चेहऱ्यात मला काही ओळखू आलं नाही. पांढरी दाढी, खोबणीत गेलेले डोळे. असे म्हातारे प्रत्येक बाजारात असतात. मग डावा कान दिसला. पाळी चिरलेली होती, कधीकाळी बाळी ओढली गेल्यासारखी. आणि एकदम माझ्या बोटाला आठवण झाली. डोक्याला नाही, बोटाला. शेतातून परतताना मी कोणाच्यातरी खांद्यावर बसलेलो, खाली घामाचा आणि तंबाखूचा वास, आणि माझं बोट एका चिरलेल्या कानात अडकवलेलं, पडू नये म्हणून. त्या चिरेत ते नेमकं बसायचं. मी हात पुढं केला. थंड, जाडसर कातडी. बोट घालून पाहिलं, बसलं नाही. बसणार कसं? बोट आता चाळिशीकडं झुकलेल्या माणसाचं होतं.

“अहो मास्तर, मुडद्याचे कान काय पाहून राह्यले?”

“थांबा,” मी म्हणालो. “नगरपालिकेची गाडी बोलावू नका इतक्यात. मी मायले घेऊन येतो.”

गुलाबसिंगानं माझ्याकडं नीट पाहिलं. वाशीम काही फार मोठं नाही, आमच्या घरची गोष्ट त्यालाही ठाऊक असणार. तो थट्टा विसरला. “आना,” म्हणाला. “पन ऊन चढून राह्यलं. दुपारनंतर म्युनशिपाल्टीवाले थांबनार नाहीत.”

घरी जाताना मी जवळजवळ धावत होतो आणि त्याच वेळी परत फिरावंसं वाटत होतं. काय सांगायचं तिला? या वयाच्या बाईला उन्हातून नेऊन एक प्रेत दाखवायचं, आणि तेही एका कानाच्या भरवशावर! वऱ्हाडात चिरलेल्या कानांचे म्हातारे ढिगानं सापडतील. आणि समजा तेच असले. मग तिचं कुंकू? चैत्र चालू होता, घरोघर गौरी मांडलेल्या, तिला रोज कुठंतरी बोलावणं होतं, ओली डाळ आणि पन्हं घेऊन ती पोरीसारखी खूश होऊन परत येत होती. तिच्याकडून हे काढून घ्यायला मी निघालो होतो, कारण मला झोप येत नाही. दारात पोचलो तेव्हा ती सुपात ज्वारी निवडत होती. मी सांगून टाकलं, एका श्वासात, मास्तराला शोभणार नाही असं तुटक. तिनं सूप बाजूला ठेवलं. आत गेली, धुतलेलं लुगडं नेसली, केस विंचरले, आरशापुढं उभं राहून रुपयाएवढं कुंकू नव्यानं लावलं. मला ते पाहवेना. मग चपला घालून ती माझ्या पुढं चालू लागली. मला तिची बरोबरी करता येत नव्हती.

कडुनिंबाची सावली सरकली होती. प्रेताचे पाय उन्हात आले होते. माय पायांशी उभी राहिली. गुलाबसिंगानं चेहऱ्यावरचं फडकं बाजूला केलं आणि अदबीनं मागं झाला. ती पाहत राहिली. मी तिच्याकडं पाहत राहिलो, तिच्या तोंडाकडं, लहानपणी पाहायचो तसाच. गाडीच्या शंटिंगचा आवाज येत होता, चहावाल्याच्या शेगडीचा धूर येत होता. म्हण. एकदाचं म्हण.

“पाहून घ्या बाई नीट,” गुलाबसिंग म्हणाला. “नाव घेता येत नसन तं नुसती मान हालवा. मी समजतो.”

“पायात काही नव्हतं काय?” मायनं विचारलं.

“नाही बाई. तसाच उतरला.”

“तिकीट कुठचं म्हनता?”

“खंडव्याचं. इथं काहून उतरला, देवाले माहीत.”

मायनं खाली वाकून धोतराचा सोगा ओढला आणि त्याचे उन्हातले पाय झाकले. मग ती सरळ उभी राहिली. “नाही,” ती म्हणाली. “आमचे नाहीत हे. कोनाचे हायेत कोन जाने.”

तिचा आवाज ज्वारीचा भाव सांगावा तसा साधा होता. माझ्या सोबतीची वाट न पाहता ती निघाली. मी मागं धावलो तर म्हणाली, “मी जाईन एकटी. तू तुही सही कर.” गुलाबसिंगानं कागद पुढं केला. सदर इसमाची ओळख पटली नाही. खाली पंच, आणि माझी सही. चहावाल्यानं अंगठा दिला. मग गुलाबसिंग म्हणाला, “चला, तुमच्या डोक्याचा ताप गेला मास्तर,” आणि त्यानं चांगल्या मनानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं.

शाळेत मी गेलो नाही. पद्मतीर्थ तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो, उठलो, बाजारात गेलो, एका दुकानात काही न घेता भाव विचारले, पुन्हा पायऱ्यांवर आलो. मी सुटलो होतो ना? माय सवाष्ण होती, वडील कुठंतरी होते, सगळं कालच्यासारखं होतं. मग हे काय चाललं होतं माझं? मला राग आला होता. त्या म्हाताऱ्याचा राग, की तो कोणी निघाला नाही. कुठला कोण, पूर्ण्याहून खंडव्याला जाणारा, आमच्या गावाला उतरून मला आशा दाखवून गेला. आणि मग राग ओसरून त्याची कीव येऊ लागली. आता त्याला घेऊन जातील, लाकडं रचतील, आणि पेटवताना कोणी काही म्हणणार नाही. ज्या शब्दाचा अर्थच नाव, तो शब्द त्या बिनानावाच्या माणसाला चिकटवून हवालदार मोकळा झाला. नागावकर सरांना हे सांगितलं असतं तर ते हसले असते का? बहुतेक नसते. सर जाऊनही आता काही वर्षं झाली. त्यांचं नाव त्यांच्या मुलांनी घेतलं असेल, दिवा लावून.

ऊन कलायला लागलं तेव्हा घरी आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. सकाळचं सूप जिथं ठेवलं होतं तिथंच होतं, ज्वारी अर्धी निवडलेली. चूल थंड. माय मागच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. तिचे केस ओले होते. सकाळीच तिची अंघोळ झालेली मी पाहिली होती. आता डोक्यावरून पुन्हा झाली होती, आणि केसांतून पाणी पाठीवर उतरून लुगडं भिजलं होतं. अशी अंघोळ बाया कधी करतात ते मला माहीत होतं. तरी माझं डोकं पुढं चालेना. मी तिच्यासमोर खाली बसलो. कुंकू जागच्या जागी होतं; ओल्या कपाळावर थोडं पसरलेलं, पण होतं.

“दौलतराव,” ती म्हणाली.

मला वाटलं अंगणात कोणी बाई आली. मी वळून पाहिलंसुद्धा. तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. हे नाव त्या आवाजात कधी बसलेलंच नव्हतं. ती पुन्हा म्हणाली, “दौलतराव,” थोडं सावकाश, चव घेऊन पाहावी तसं. “आता घेतलं तं काय होते? कमी व्हायले काही राह्यलंच नाही.”

“माय! मंग तिथं काहून नाही म्हटलं?”

“काहून म्हनू?” ती माझ्यावर वसकली. “भावकीनं पानं आनली, मी नाही पुसलं. लोकायनं मागं बोलाचं ते बोलले, मी नाही पुसलं. आता पोलिसानं इचारलं म्हनून पुसू? हे कुंकू त्यायनं नाही देल्लं मले. मी वाट पाहून कमावलं. माह्यं हाये ते.” मग तिचा आवाज फुटला. “अनवानी व्हते रे. टाचा पाह्यल्या तू? कुठं कुठं चालले असतीन.” ती रडू लागली. मी तिला रडताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण हे रडणं त्या तोंडातून आलं होतं जे मी जन्मभर मिटलेलं पाहिलं. मी तिचा हात धरला. थोड्या वेळानं तिनंच तो सोडवला, पदरानं नाक पुसलं.

“उतरले तं खरं,” ती म्हणाली. “खंडव्याचं तिकीट व्हतं, तरी उतरले.”

“हो माय.”

“मंग बसून काय राह्यला? पेटवलं नसन अजून. जा. अग्नी दे. कोनी इचारलं तं सांग, पंच होतो. नाव तोंडातल्या तोंडात घेजो, पन घेजो.”

मी धावलो. स्टेशनामागचा रस्ता, मग नाल्याकाठानं, धोतर खोचून, या वयात. पोरं ओरडली, यहुदी मास्तर पळून राह्यला! मसनवट्यात नगरपालिकेचा माणूस देवला लाकडं रचून बिडी ओढत बसला होता. सरणावर कोणी फूल टाकलेलं नव्हतं. पाय मात्र तसेच झाकलेले होते, मायनं ओढलेला सोगा कोणी काढला नव्हता. मला त्या झाकलेल्या पायांचा आधार वाटला. देवलानं विचारलं, “तुमचा कोनी हाये काय मास्तर?” मी म्हटलं, “पंच होतो मी. मी पेटवू काय?” त्यानं खांदे उडवले आणि पलिता माझ्या हातात दिला. पलिता धरला तेव्हा मला तो कागद आठवला. वर अनोळखी इसम आणि खाली माझी सही, आणि त्या सहीच्या मधोमध त्यांचंच नाव. गुलाबसिंगानं ते वाचलं होतं, मी स्वतः लिहिलं होतं, आणि दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

लाकडं वाळलेली होती, लगेच धरली. मी देवलाच्या डब्यातून ओंजळभर पाणी घेतलं. मंत्र मला येतात, शाळेत संस्कृत शिकवतो मी, पण एकही आठवला नाही. पाणी बोटांतून गळून जात होतं. झाळ तोंडावर येत होती, डोळे चुरचुरत होते, आणि जीभ टाळ्याला चिकटून बसली होती. इतक्या वर्षांची सवय. मी ओंजळ सोडली आणि त्यांना नावानं हाक मारली.

देवला पलीकडं लाकडं सारत होता. त्यानं मान वर केली. “मले काई म्हटलं काय मास्तर?”

“नाही,” मी म्हणालो. “तुले नाही.”